परसबागेची राखण: औषध न मारता किडी आणि जनावरं कशी आवरता?

वाडीवरची

नमस्कार मंडळी,

देवरुखजवळ आमची घरामागे छोटी वाडी आहे. माड, पोफळी, थोडे हापूस, एक कापा फणस, पपई, केळी. पावसाळ्यात मांडवावर काकडी, पडवळ, दोडकी. उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर मुळा, लाल माठ, वांगी, मिरची. सासऱ्यांच्या काळापासून या वाडीत विषारी औषध आलेलं नाही आणि पुढेही येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. विहीर वाडीतच आहे, मुलं तिथलंच पाणी पितात, झाडावरची काकडी तिथेच तोडून खातात.

पण त्रास वाढलाय, हे खरं. म्हणून हा धागा. प्रत्येकाने आपल्या भागात खरोखर लागू पडलेलं लिहावं. नुसतं "हिंगाचं पाणी मारा" असं नको, कशावर मारलं आणि काय झालं तेही लिहा.

सुरुवात मी करते. पान कुरतडलेलं दिसलं की फवारायला धावण्याआधी कोणी खाल्लंय ते बघायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम. गुलाबाच्या पानाच्या कडेला गोल कात्रण असेल तर ती पानकातरी माशी, तिच्या घरट्यापुरतं पान नेते, तिला काही करायचं नाही. पानावर चकाकणारी वाळकी रेघ म्हणजे गोगलगाय. कोवळं रोप जमिनीलगत कापून आडवं पडलंय पण खाल्लेलं नाही, तर दिवसा मातीत दडणारी अळी. रोपाच्या बुंध्याजवळ बोटाने माती उकरली की गुंडाळी करून बसलेली सापडते. शहाळ्याला देठाजवळ भोक असेल तर उंदीर. माडाच्या नव्या रोपाचा बुंधा कुरतडलेला असेल तर साळिंदर. आणि अख्खा वाफाच उलटापालटा झाला असेल तर डुक्कर, त्यात शंका नको.

आता माझे प्रश्न. एक, माकडं. दोन, तरुण माडांच्या झावळ्या त्रिकोणी कापल्या जातायत. तीन, जास्वंदीवर आणि पपईवर पांढरा कापूस. चार, काकडी बोटाएवढी झाली की पिवळी पडून सडते.

---

माडबाग

ताई, धागा छान. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, आमची अलिबागकडे बाग आहे.

त्रिकोणी कापलेली झावळी म्हणजे गेंडा भुंगा. तो माडाच्या शेंड्याच्या मिटलेल्या सुरळीत बसून कोवळा कोंब पोखरतो. त्या वेळी झावळी मिटलेली असते, त्यामुळे एका भोकाचे उमलल्यावर दोन्ही बाजूंना सारखे काप दिसतात. म्हणजे आज दिसणारं नुकसान जुनं आहे, भुंगा कदाचित निघूनही गेला असेल. सुरळीच्या बेचक्यात ओला चोथा बाहेर आलेला दिसला तर मात्र तो आत आहे. लोखंडी आकडा घालून ओढून काढायचा. आमच्याकडे माडावर चढणारे गडी हे काम नारळ पाडतानाच करतात, त्यांना सांगून ठेवा.

पण खरा उपाय खाली आहे. भुंगा माडावर खातो आणि अंडी घालतो शेणखताच्या खड्ड्यात, कुजलेल्या ओंडक्यात, जुन्या माडाच्या पडलेल्या खोडात. तुमच्या खड्ड्यात फावडं घाला. बोटाएवढ्या जाड, पांढरट, अर्धगोल वळलेल्या, तांबूस डोक्याच्या अळ्या निघतील. खत उलथंपालथं करून कोंबड्या सोडा, त्या एक ठेवत नाहीत. खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी मिसळता येते, ती अळ्यांना रोग आणते, माणसाला किंवा गुराला नाही. खत ओलं आणि सावलीत हवं, कोरड्या खतात ती टिकत नाही.

माडावर निंबोळी पेंड पाव किलो आणि तेवढीच बारीक वाळू एकत्र करून वरच्या झावळ्यांच्या बेचक्यात भरायची. वर्षातून तीनदा. वाळू भुंग्याला खुपते आणि पेंडीच्या वासाने तो फिरकत नाही. गेंडा भुंग्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याने केलेल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि सोंड्या खोडात शिरला की माड सहसा वाचत नाही.

---

वाडीवरची

दादा, खड्डा नेमका माडांच्या मुळाशीच आहे! उद्याच फावडं घालते. कोंबड्या आहेतच.

---

निवृत्त_कीटक

मी अनेक वर्षं कीटकशास्त्र शिकवलं, म्हणून तिसऱ्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. तो दिसला की आधी मुंग्या बघा. पिठ्या रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो, मुंग्यांना तो चिकटा हवा असतो. त्या बदल्यात त्या पिठ्याच्या शत्रूंना हाकलतात आणि त्याची पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर पोचायलाही मदत होते. मुंग्यांची वाट बंद केली की निम्मं काम होतं. खोडाभोवती कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर एरंडेल किंवा ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर नको. भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला टेकणाऱ्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतात. मग पाण्याचा जोरदार फवारा. बरेचसे पिठ्या पडतात आणि पुन्हा वर चढत नाहीत.

आता एक कळकळीची विनंती. त्या कापसात एखादा "मोठा पिठ्या" दिसला, अंगावर लांब लांब पांढरे धागे असलेला आणि काडीने डिवचला की लगबगीने चालणारा, तर त्याला मारू नका. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी आहे, मूळचा हा किडा ऑस्ट्रेलियाचा. पिठ्यासारखंच मेणाचं पांघरूण घेऊन ती त्यांच्यात वावरते आणि त्यांनाच खाते. खरा पिठ्या जवळपास जागचा हलत नाही. लोक साबणाचं पाणी मारताना सगळ्यात आधी हिलाच टिपतात, कारण ती मोठी दिसते. एक भिंग जवळ ठेवा, शंभर रुपयांच्या औषधापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

पपईचं प्रकरण वेगळं आहे आणि ते आपल्याकडच्या सगळ्या बागायतदारांना माहीत असायला हवं. पपईचा पिठ्या ढेकूण मूळ मेक्सिकोकडचा. भारतात तो २००८ साली कोइमतूरला सापडला, मग महाराष्ट्रातही आला. पपई, तुती, जास्वंद, सगळं पांढरं. शेतकऱ्यांनी फवारण्या केल्या, पण मेणाच्या थराखाली औषध पोचेना, आणि मित्रकीटक मात्र मेले. शेवटी बंगळुरूच्या कीटक संशोधन संस्थेने २०१० साली पोर्तो रिकोहून तीन प्रकारचे परोपजीवी कीटक आणवले. त्यातला ॲसेरोफॅगस पपाये हा अगदी बारीक, उडणाऱ्या ठिपक्याएवढा. तो पिठ्याच्या अंगात अंडी घालतो, अळी आतून त्याला खाते. हे कीटक सोडल्यावर फवारणीने न आवरलेली कीड आटोक्यात आली. आज तुमच्या पपईवर फुगलेले, कडक, तपकिरी पडलेले आणि भोक असलेले पिठ्या दिसले तर तो कीटक तुमच्या वाडीत आहे असं समजा. ती पानं जाळू नका, झाडाखालीच राहू द्या.

---

गच्चीवरची_मेथी

@निवृत्त_कीटक सर, प्रतिसाद वाचनखुणेत साठवला. आमची पुण्यात गच्चीवर कुंड्यांची बाग आहे. दशपर्णी अर्क, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेला, घरी करावा का? एका गटात तंबाखूचं पाणीही सुचवलंय, "नैसर्गिक आहे, बिनधास्त मारा" म्हणून.

---

निवृत्त_कीटक

मेथीताई, तंबाखूचं पाणी मुळीच नको. निकोटिन हे जहाल विष आहे, कातडीतूनही अंगात जातं. ते मित्रकीटकही मारतं. शिवाय तंबाखूतून मोझॅक रोगाचा विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो. वनस्पतीपासून निघालं म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. दशपर्णीत कण्हेर, रुई, एरंड पडतात, तेही विषारीच. शेतावर दशपर्णी जरूर वापरावी, ढवळताना आणि फवारताना नाका-तोंडावर कापड हवं. पण चार कुंड्यांसाठी महिनाभर गोमूत्र, शेण आणि पाला कुजवायचा, तोही सोसायटीच्या गच्चीवर, हे मला पटत नाही.

तुम्हाला निंबोळी अर्क पुरे. वाळलेल्या निंबोळ्या भरडून ५० ग्रॅम घ्या, कापडात सैल बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहा, पाणी दुधट होईपर्यंत. गाळून त्यात दोन ग्रॅम साध्या साबणाचा चुरा. हाच ५ टक्के अर्क. त्याच दिवशी वापरायचा आणि संध्याकाळी फवारायचा, कारण निंबोळीतलं ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतं. पानाच्या खालच्या बाजूला फवारा, मावा-तुडतुडे-पांढरी माशी तिथेच असतात. दुसऱ्या दिवशी किडे मेलेले शोधू नका. निंबोळी झटक्यात मारत नाही. कीड खाणं सोडते, अळीची कात नीट पडत नाही, पुढची पिढी कमी होते. आठवड्याने पुन्हा फवारा.

---

गच्चीवरची_मेथी

मनापासून आभार सर. कबुतरांबद्दल मी सांगते. मेथी-पालक पेरला की कबुतरं बी टिपतात आणि कोंब उपटतात. चकचकीत सीडी, फिती, रबरी साप, यांची त्यांना लवकर सवय होते. कुंडीत खराट्याचे हिर उभे दाट खोचले की बसायला जागा राहत नाही, हे चाललं. पेरणीनंतर रोप बोटभर होईपर्यंत ताटाएवढी जाळी उपडी झाकायची. आणि गच्चीवर धान्य टाकणाऱ्या शेजाऱ्यांशी एकदा नीट बोलायचं.

---

आजरेकर

रामराम. आमच्या आजरा-चंदगड पट्ट्यात किडीचं दुखणं नंतर, आधी जनावर. डुक्कर, गवा, साळिंदर, आणि कधीमधी हत्तीसुद्धा. हत्ती आणि गव्याला घरगुती उपाय नाही, त्यांच्या वाटेला जायचं नाही, वनखात्याला कळवायचं. डुकराबद्दल लिहितो.

डुकराचं नाक तेज, नजर कमी. रताळी, भुईमूग, कणगी, पिकलेलं भात याच्या वासावर ते येतं. जुन्या साड्या बांधाला ताणून बांधतात, सगळ्यांनी पाहिलं असेल. साडी वाऱ्याने हलते, माणसाचा वास असतो, म्हणून सुरुवातीला चालते. सलूनमधले केस बांधाकडेने पसरतात, तेही चालतं, हुंगताना केस नाकात जातात. पण जोराच्या पावसात वाहून जातात, पुन्हा टाकावे लागतात. कुठलाही एक उपाय कायम ठेवला की डुक्कर सरावतं. आम्ही साड्यांची जागा बदलतो, मधे केस, मधे राखणीला माळ्यावर माणूस आणि डबा.

कायमचं म्हणाल तर काटेरी जिवंत कुंपण. दगडांचा गडगा असेल तर त्याच्या बाहेरून सागरगोटा किंवा चिल्लार लावा. सागरगोट्याला उलटे काटे असतात, एकदा वेल गुंतली की कुत्रंही शिरत नाही. उंची यायला दोन-तीन पावसाळे जातात, तोवर करवंदीच्या फांद्या टाकून वई घाला. खालची फट महत्त्वाची. डुक्कर सहसा उडी मारत नाही, खालून नाक घालून उचकटतं. तळाला दगड रचल्याशिवाय कुंपण पूर्ण झालं म्हणू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुंपणात घरच्या लाइनीचा करंट सोडू नका. दरवर्षी माणसं मरतात, स्वतःचीच गुरं मरतात, आणि तो गुन्हा आहे. सौर कुंपणाचा झटका वेगळा, तो क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागे फिरतं. त्याच्या तारेला गवत टेकू द्यायचं नाही, नाहीतर झटका जमिनीत उतरतो. नुकसान झालं तर पंचनाम्यासाठी लगेच वनरक्षकाला कळवा, वनखात्याकडून भरपाई मिळते. फोटो काढल्याशिवाय वाफा सारखा करू नका.

---

वाडीवरची

आजरेकर दादा, तळाच्या दगडांचं अगदी खरं. आमचा गडगा जिथे ढासळला होता तिथूनच डुक्कर येत होतं.

माकडांचं कोणीच लिहिलं नाही अजून!

---

सह्याद्रीपायथा

ताई, माकडांवर रामबाण काही नाही, म्हणून लोक गप्प असतील. आम्ही साखरप्याकडचे, तुमच्या शेजारचेच. जे जमलं ते लिहिते.

काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं यांचं वागणं वेगळं. वानर पाला, शेंगा, कोवळी फळं खातात आणि झाडावरूनच फिरतात. लाल तोंडाची जमिनीवर उतरतात, कौलं उचकटतात, स्वयंपाकघरात शिरतात. वानरांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि माकडांनाही मारणं, फासे लावणं हा विषयच नको.

टोळीची वाट ठरलेली असते. आमच्याकडे ती आंब्यावरून फणसावर, फणसावरून घराच्या छपरावर आणि तिथून पपईवर यायची. आम्ही फणसाच्या छपरावर आलेल्या फांद्या काढल्या, आंबा आणि फणस यांच्यात मोकळं अंतर ठेवलं. टोळी आता जमिनीवर उतरल्याशिवाय परसात येऊ शकत नाही, आणि जमिनीवर कुत्रा आहे. कुत्रा रात्री मात्र घरात घ्या, बिबट्याची भीती आहे.

दुसरं, परसातली रचना बदलली. हळद, आलं, मिरी, दालचिनी यांना आमच्याकडे माकड हात लावत नाही, ती कडेला, जंगलाच्या बाजूला. केळी आणि पपई घराला चिकटून, जिथे दिवसभर कोणी ना कोणी असतं. भाजीचा वाफा पूर्ण जाळीच्या खोलीत, वरूनही बंद. नायलॉनची जाळी ती फाडतात, बारीक भोकांची लोखंडी लागते. खर्च आहे, पण एकदाच.

तिसरं सगळ्या वाडीने मिळून करायचं. एकाने हाकललेली टोळी शेजाऱ्याकडे जाते आणि परत येते. आमच्या वाडीत पिकलेल्या फणसाच्या आणि काजूच्या दिवसांत आळीपाळीने राखण असते. गळलेली फळं, बोंडं तशीच पडू देत नाही. आणि घाटात गाडी थांबवून माकडांना केळी-बिस्किटं देणाऱ्यांना आम्ही थांबवतो, बोलून, समजावून. आंबा घाटात जाऊन बघा, माणसाच्या हातातलं खायला शिकलेलं माकड गाडीवर चढतं. तीच सवय खालच्या गावात आमच्या ओटीवर येते. याचा मला फार राग येतो, कारण देणाऱ्याला पुण्य वाटतं आणि भोगतो शेतकरी. माकडाचंही त्यात भलं नाही, रस्त्यावर गाडीखाली येतात.

---

जर्सीकर

माकडं नाहीत, पण आमच्याकडे न्यू जर्सीत हरणं आणि ससे आहेत, आणि टोमॅटो, मेथी, गवार लावायची हौस आपलीच. इथे झेंडूच्या ओळीने ससे येत नाहीत असं सांगतात, माझ्या वाफ्यात तर ते झेंडूही खातात. सशाला दोन फुटी बारीक जाळी पुरते, पण खालचा भाग वीतभर जमिनीत गाडावा लागतो. हरणाला आठ फूट. तेवढं कुंपण शक्य नसेल तर कुजलेल्या अंड्याचा फवारा चालतो, तयारही मिळतो. पावसानंतर परत मारायचा. भाजीच्या खाण्याच्या भागावर नको, कडेच्या झाडांवर.

---

आजरेकर

आमच्याकडेही अंड्याचं पाणी दोरीला लावून बांधाभोवती ताणतात. जनावर कुठलंही असलं तरी नाक सगळ्यांना सारखंच.

---

मांजराकाठ

लातूरहून. झेंडूबद्दल थोडं. सशाला उपयोग नाही, पण टोमॅटोत आहे. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावतात, फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो, ती फुलं खुडून नष्ट करायची. फुलं खुडली नाहीत तर आपणच अळी वाढवतो. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे पिकाच्या मुळांना लागणारे बारीक कृमी, तेही कमी होतात.

मुख्य सांगायचंय ते शंखी गोगलगायीचं. २०२२ साली आमच्या जिल्ह्यात या गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. परसबागेत तीच गत होते. ती रात्री खाते, दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, ओल्या भिंतीला. एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते, साबुदाण्याएवढी पिवळट, मातीत. पहिल्या पावसानंतरच गोळा करायला लागा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्याच्या कडेने टाका, सकाळी उलटी केली की खाली गर्दी असते. हातमोजे घालूनच उचला, त्यांच्यातून माणसाला आजार होऊ शकतो. मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका आणि नंतर खड्ड्यात पुरा. मीठ वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. बांधाकडेने चुन्याचा पट्टा ओढला तर ओलांडत नाही, पण पावसात तो टिकत नाही. विषारी आमिष कुत्र्या-मांजरांनाही मारतं, घराजवळ ते नको.

---

माडबाग

काकडी राहिली. बोटाएवढी होऊन सडते म्हणजे फळमाशी. काकडीवर बारीक डाग आणि डिंकासारखा थेंब दिसेल, कापली तर आत अळ्या. माशीला ओढणाऱ्या वासाचे सापळे मिळतात, वेलवर्गाला क्यू-ल्युअरचा लागतो, आंब्याला मिथाईल युजेनॉलचा. दुकानात विचारून घ्या, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यासाठी कोकणात सगळीकडे वापरतात. सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळे शेजारच्या वाड्यांनीही लावले तर खरा फरक पडतो. कोवळ्या काकडीला फूल गळल्याबरोबर कागदाची किंवा कापडाची पिशवी बांधा. सडलेली फळं वेलाखाली टाकू नका, अळी तिथेच मातीत जाऊन कोषात जाते. बादलीत पाणी घालून बुडवून ठेवा किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवा.

आणि उंदरासाठी विष घालू नका कुणी. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबड खातं, धामण खाते, आणि तीही मरतात. माडाच्या खोडाला माणसाच्या डोक्याहून उंचावर पत्र्याची पट्टी गुंडाळली की उंदीर वर चढत नाही, फक्त शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकांत गेलेल्या नसाव्यात.

---

वाडीवरची

खड्ड्यात फावडं घातलं, माडबाग दादा. अळ्या निघाल्या, वर्णन केलंत तशाच, आणि कोंबड्यांनी सगळ्या संपवल्या. खड्डा आता माडांपासून लांब, आंब्याच्या सावलीत हलवतोय. जास्वंदीवर निवृत्त सरांनी सांगितलेली धागेवाली अळीही दिसली! साबणाचं पाणी थांबवलं, मुंग्यांसाठी पट्टी बांधली.

एक अडचण. आमच्या लाल मातीत आणि या पावसात कडुनिंब नीट येत नाही, गावात एकच झाड आहे. बाजारातली निंबोळी पावडर किती जुनी असते कळत नाही. घाटावरच्या कोणाकडून निंबोळ्या मिळतील का? पैसे देईन.

---

मांजराकाठ

ताई, पैशांचं नंतर बघू. आमच्या बांधावर सगळे कडुलिंबच आहेत. जूनमध्ये पिकून पडल्या की गोळा करतो, गर चोळून काढतो, पाण्याने धुतो आणि सावलीत वाळवतो. उन्हात वाळवल्या तर ताकद कमी होते. गोणपाटाच्या पिशवीत एसटीच्या पार्सलने पाठवतो. पोचल्यावर प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, तुमच्या हवेत बुरशी येईल. तशाच पिशवीत चुलीजवळ टांगून ठेवा, फवारणीच्या आदल्या दिवशी लागतील तेवढ्याच भरडा आणि वर्षाच्या आत संपवा. पत्ता धाग्यावर नको, निरोपातून कळवा.

---

निवृत्त_कीटक

मांजराकाठ, फोडून बघितलेली बी आतून हिरवट असेल तरच पाठवा. आतून काळी पडलेली वेगळी काढा, तिचा अर्क निकस होतो.